दोन्ही कानांनी गेलेला नवरदेव

बन्सीधरला एकदा पाहिल्यावर मुलीकडचे नकार देतील, ही गोष्ट बन्सीधरच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. परभणीच्या एका कचेरीत कारकून, अंगात इस्त्रीचा सफारी, आणि वर कमरेला वॉकमन! अठ्ठ्याऐंशी साली ज्या कचेरीत पंखासुद्धा हातानं ढकलून सुरू करावा लागायचा, तिथं ह्या पठ्ठ्यानं थेट हैदराबादेहून वॉकमन आणला होता. पट्ट्याला अडकवलेली डबी, डबीतून निघालेली वायर आणि दोन्ही कानांवर नारिंगी स्पंजाच्या टिकल्या. कामापेक्षा त्याला ह्या डबीचं जास्त कळायचं, आणि ते तो कुणी न विचारता सांगायचा. आवाज बारीक ठेवावा, नाहीतर कान जातात. रस्त्यानं चालताना लावू नये. वडीलधाऱ्यांसमोर काढून ठेवावा. माणसानं वस्तू कशी जबाबदारीनं वापरावी! हे प्रवचन तो ओरडून करायचा, कारण कानात गाणं चालू असायचं आणि स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नसायचा.

त्या रविवारी तो व्यंकटरावमामासोबत ताडकळसला मुलगी पाहायला निघाला होता. मुलगी म्हणजे अप्पाराव गुरुजींची अंबिका. चुडावा गावातल्या एका लग्नात त्यानं तिला पाहिलेलं. वाढपी पंगतीतल्या म्हाताऱ्यांना न वाढताच पुढं गेला, तेव्हा तिनं त्याच्या हातातली बुंदीची परात काढून घेतली आणि मागं फिरून स्वतः वाढलं. तेव्हापासून बन्सीधरचं कशातच लक्ष नव्हतं. आजवर स्थळं लय आली आणि गेली, त्याचं त्याला सुखदुःख नव्हतं. ह्या स्थळासाठी मात्र त्यानं भुणभुण करून करून मामाला बेजार केलं होतं. ही सोयरीक जमली नाही तर आपलं काही खरं नाही, हे त्याला मनातून पक्कं ठाऊक होतं.

एसटीत मामाला पुढं जागा मिळाली, बन्सीधरला मागं. आवाज बारीक ठेवायचा नियम बहुधा इतरांसाठी असावा. त्यानं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि डोळे मिटले. शेजारी एक बाई येऊन बसल्या. त्यांनी विचारलं, कोणत्या गावचे? उत्तर नाही. जरा मोठ्यानं विचारलं, कुणाकडं जायलात? उत्तर नाही. कोपरानं ढोसलं, तेव्हा बन्सीधरनं डोळे उघडले, गोड हसून मान डोलावली आणि परत मिटले. बाईंनी कमरेची डबी पाहिली, कानात गेलेली वायर पाहिली. ताडकळसच्या म्हाताऱ्या हेडमास्तरांच्या खिशात अशीच डबी असायची आणि अशीच वायर कानात. ते बहिऱ्याचं मशीन. पण हेडमास्तरांचा एकच कान गेलेला होता. ह्या लेकराचे तर दोन्ही गेले! बाईंना इतका कळवळा आला की ताडकळस आल्यावर त्यांनी त्याला हाताला धरून खाली उतरवलं. इथली माणसं फारच अगत्याची आहेत, असं बन्सीधरला वाटलं.

ह्या बाई म्हणजे दगडाबाई, अंबिकेची सख्खी आत्या. मामा-भाचे पत्ता विचारत थांबले तोवर त्या मागच्या दारानं भावाच्या घरात शिरल्याही होत्या. पाहुणे अंगणात आले तसं त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. सोप्यात सतरंजी अंथरून होईपर्यंत घरभर झालं होतं की नवरदेव ठार बहिरा आहे.

इकडं दारातच वॉकमनचे सेल संपले. मामा हळूच म्हणाला की ते काढून ठेव. पण पाहुण्यांना दिसणारच नसेल तर वॉकमन एवढ्या लांब आणायचा कशाला? बन्सीधरनं तो मुका वॉकमन तसाच कानाला ठेवला.

अप्पाराव गुरुजी भला माणूस. पाहुण्याचं व्यंग पाहून तोंड वाकडं करणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी बन्सीधरच्या कानाशी वाकून दवंडी पिटल्यासारखं विचारलं, "शिक्षण किती?" बन्सीधरला वाटलं, पोरांवर ओरडून ओरडून गुरुजींचे कान गेले बिचाऱ्यांचे. त्यानंही गळ्याच्या शिरा ताणून सांगितलं, "बी.कॉम.!" गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. पुढं भावंडं, शेतीवाडी, आवडनिवड, सगळी चौकशी अशीच झाली आणि गल्लीला घरबसल्या बन्सीधरची समदी माहिती मिळाली. मामा मधे बसून एकदा ह्याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिला. शेवटी गुरुजींचा घसा बसला. पोराच्या कानाचं काय ते एकांतात विचारावं म्हणून ते मामाला विहीर दाखवायला घेऊन गेले.

सोप्यात बन्सीधर एकटा उरला. अंबिकेची आई अनसूयाबाई फोडणी दिलेल्या मुरमुऱ्यांची, म्हणजे सुशील्याची, ताटली आणि रव्याचे लाडू घेऊन आल्या. मागोमाग दगडाबाई. दोघी त्याच्यासमोर बसल्या आणि बाजारात बैल बघावा तसं त्याला न्याहाळत बिनघोर बोलू लागल्या. नाक लय मोठं हाय. टाळू उघडी पडायलीय. पण बहिऱ्याला एवढं कोण बघतंय? तेव्हा कुठं बन्सीधरच्या डोक्यात उजेड पडला! मी बहिरा नाही, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण तोंडात सुशीला होता. तो गिळेपर्यंत गोष्ट फार पुढं गेली. लाडू अंबिकेच्या हातचे म्हणून सांगायचे, पण ते शेजारच्या सुलाबाईनं वळलेत. पोरीचं वय दोन वर्षांनी कमी सांगितलंय. मग दगडाबाईंनी वहिनीच्या माहेरच्या माणसांचा उद्धार केला आणि अनसूयाबाईंनी नवऱ्याच्या आळशीपणाचा. आता मधेच बोलणं म्हणजे दोघींची इज्जत घालवणं. बन्सीधर खाली मान घालून सुलाबाईचे लाडू खात राहिला.

तेवढ्यात अंबिका चहा घेऊन आली. दगडाबाईंनी त्याच्या तोंडावरच तिला विचारलं, कसा वाटतोय? एरवी पाहायला आलेल्या मुलासमोर मान वर न करणारी ती पोरगी, पण आज खुशाल त्याच्याकडं निरखून बघत राहिली.

"डोळे लय गरीब हायेत ह्यांचे," ती म्हणाली. "मला आवडले. बहिरे तर बहिरे. मनातलं समदं ह्यांच्याम्होरं बोलीन, आन् गावात एक शब्द जायचा न्हाई."

बन्सीधरला आता फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यात इतकं सोपं काम त्याला कुणी दिलं नव्हतं! पण आनंद पोटात मावेना. त्यानं कानावरचं काढलं आणि म्हणाला, "मला बी तुमी लय आवडलात."

अनसूयाबाईंच्या हातून ताटली पडली. दगडाबाईंनी पदर तोंडावर ओढला. त्यांना धीर द्यावा म्हणून बन्सीधरनं सगळ्यांना मोठ्या मनानं माफ करून टाकलं. लाडू कुणी का वळेनात, झालेत छान. दोन वर्षांनी काय फरक पडतोय? नाकाबद्दल त्याच्या आईचंही हेच मत होतं. गुरुजी आळशी असतील तर असोत, माहेरची माणसं बी कुणाची सारखी नसतात! ऐकलेला एकही शब्द त्यानं वाया जाऊ दिला नाही. अंबिका लालबुंद होऊन आत गेली आणि आतून दाराला कडी लागली.

तिकडं विहिरीवर मामानं वॉकमनचा खुलासा केला होता, गुरुजी पोट धरून हसले होते आणि सोयरीक पक्की झाली होती. दोघं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून घरी आले, तर घरात कुणीच कुणाशी बोलेना. मग गुरुजींना आत बोलावणं आलं. ते बाहेर आले तेव्हा त्यांनी पाहुण्यांना, एसटी चुकेल, अशी आठवण करून दिली. एसटीला अजून भरपूर वेळ होता.

परतीच्या वाटेवर मामा शेजारीच बसला होता. बन्सीधरनं वॉकमन पिशवीत तळाशी घातला आणि विचारलं, गुरुजी काय म्हणाले?

"म्हणले, बहिरा जावई आमी देवाची करणी म्हणून पदरात घेतला असता. पण समदं ऐकून वर माफ करणारा जावई आमच्या बायकांना सोसायचा न्हाई."

"आन् अंबिका?"

मामा म्हणाला, "ती दाराआडून म्हणली, जन्मात एकदाच मनातलं बोलले, ते बी ऐकलं त्यांनी. आता कोणत्या तोंडानं त्यांच्याम्होरं जाऊ?"

बन्सीधरचे डोळे भरून आले. लहान होऊन त्यानं मामाचा हात धरला.

"मामा, त्यांना सांगा की, मी बहिरा व्हायला तयार हाय."

मामाला हे अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं. पण त्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं आणि परभणी येईपर्यंत तो बाहेरची ज्वारी बघत बसला.