पप्पांचा हात वर जातो

दोष आत्माराम सुर्व्यांचा. म्हणजे माझ्या पप्पांचा. आधीच सांगून टाकतोय, कारण आमच्या घरात काहीही बिघडलं की बोट माझ्याकडेच वळतं. (मी डिप्लोमा अर्धवट सोडल्यापासून मिक्सर जळला तरी तो माझ्यामुळेच जळतो.)

पप्पांचा उजवा खांदा आखडला. शर्ट घालता येईना, पाठ खाजवता येईना. पण गणपतीपासून होळीपर्यंत हा माणूस डॉक्टरकडे गेला नाही. सोसायटीच्या बाकड्यावर रिटायर्ड म्हातारे बसतात, ते सांगतील ते तेल आणायचं. चोळणार कोण? मी. "तू रिकामाच आहेस." घरात वावरताना लोणच्याच्या बरणीत राहतोय असं वाटायचं.

शेवटी गेले ते थेट एमआरआयला. एक्स-रे म्हणे पोरासोरांचा. मशीनमधून बाहेर आल्यावर म्हणाले, "आत कुणीतरी टाइल्स फोडत होतं, पण मी हललो नाही." ती काळी फिल्म त्यांनी हॉलच्या खिडकीला चिकटवली आणि येईल त्याला लग्नाच्या अल्बमसारखी दाखवली.

फिजिओथेरपिस्ट रुचिता मॅडमनी मात्र फिल्मकडे ढुंकून पाहिलं नाही. "काका, हात वर करा." हात खांद्याच्या रेषेत जाऊन थांबला. "फ्रोझन शोल्डर. शुगर सांभाळा. आणि रोज भिंतीवर बोटं चढवायची, मुंगीसारखी. सावकाश. मध्येच सोडायचं नाही." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही मागे उभं राहून बोलत राहा. वर, अजून वर. काकांना धीर येतो."

धीर त्यांना, डोकेदुखी मला! रोज सकाळ-संध्याकाळ मी स्वतःच्या बापाला भिंतीवर चढवत होतो.

त्याच सुमारास सोसायटीची मीटिंग लागली. गेटजवळची वॉचमनची जुनी केबिन रिकामी पडलेली, तोंड थेट रस्त्याकडे. तिथं मला मोबाइल रिपेअरिंग टाकायचं होतं. केबिन मला भाड्याने द्यायची की तिच्यात सोसायटीच्या मोडक्या खुर्च्या कोंबायच्या, यावर मतदान होतं. एका फ्लॅटला एक मत, आणि आमचा फ्लॅट पप्पांच्या नावावर. मी दारोदार फिरून अंदाज घेतला होता. पारडी अगदी समान. पप्पांचं मत पडलं की केबिन माझी.

"पप्पा, हात वर कराल ना?"

"जीवन, मी तुझा बाप आहे."

(हे उत्तर नव्हतं, हे तेव्हाच कळायला हवं होतं.)

मीटिंग खाली पार्किंगमध्ये. पप्पा खांबाला लागून बसले, मी मागे उभा. सेक्रेटरी हंसाबेननी विचारलं, "केबिन जीवन को देने के पक्ष में कौन? हाथ ऊपर!"

हात वर झाले. पप्पांचा खांद्यापर्यंत गेला आणि अडकला.

"डावा करा!" मी दातओठ खात कुजबुजलो.

"पोराच्या पहिल्या धंद्याला डावा हात? अक्कल आहे का?"

"इथं पूजा नाहीये, मतदान आहे!"

"तू गप. मला जमतं."

आणि त्यांनी उजव्या हाताची बोटं खांबाला टेकवून चढवायला सुरुवात केली. मुंगीसारखी. सावकाश.

मी त्यांचा डावा हात धरून उचलायला हवा होता. निदान ओरडायला तरी हवं होतं. पण सवय! बोटं हलताना दिसली आणि माझं तोंड आपोआप सुटलं. "वर, पप्पा. अजून वर. शाब्बास. श्वास सोडा." समोर हंसाबेन हात मोजून पुढे काय विचारतायत, इकडे ना पप्पांचं लक्ष ना माझं. बोटं खांबावरच्या पार्किंग नंबरच्या वर गेली. इतक्या वर ती वर्षभरात गेली नव्हती. कोपर सरळ, दंड कानाला.

"गेला!" मी टाळी वाजवली. "गेला, पप्पा!"

हंसाबेन चष्म्यावरून बघत होत्या.

"आत्मारामभाई भी विरोध में," म्हणत त्यांनी लिहून टाकलं. "तो केबिन में कुर्सियाँ."

"अरे नहीं! वो पक्षवाला हाथ है! बस लेट हो गया!"

"बेटा, तू ही तो पीछे से बोल रहा था, और ऊपर, और ऊपर. सबने सुना."

सगळ्यांनी ऐकलं होतं. निदान पप्पा तरी तोंड उघडतील म्हणून वळलो, तर ते हात खाली घ्यायलाच तयार नव्हते. बाकड्यावरचे सगळे म्हातारे भोवती जमले होते आणि पप्पा त्यांना समजावत होते, "एमआरआय केला ना, म्हणून."

आता मी मीरा रोड स्टेशनसमोर दुसऱ्याच्या दुकानात उभा राहून लोकांच्या मोबाइलला स्क्रीनगार्ड चिकटवतो. पप्पांचा हात पूर्ण वर जातो. मला तो एका दुकानाला पडला.