मीठ वाढलं

शेवटच्या सांजेले आमी दोघं अंगणात लसूण सोलत बसलो होतो. सुभद्रा म्हणाली, "कोमट पाण्यात टाका, साल आपोआप निघते. पाच मिन्टाचं काम."

"मले नोको शिकवू."

"मंग बसा नखं तोडत."

पहाटे ती उठलीच नाही. झोपेत गेली. तेही पाच मिन्टाचं काम केलं.

बायको गेल्यावर माणूस रडते म्हणतात. मले राग येऊन राह्यला.

माही बायको साऱ्या दुनियेले सैपाक शिकवे. कोणी विचारो, न विचारो. एसटीत शेजारणीच्या पिशवीत डोकावून सांगे, "मिरच्यांचे देठ तोडून ठेव बाई, सडत नाही." ढाणकीले माह्या साडूच्या घरी मयत झाली. बाया रडून राह्यल्या, अन् ही सुनेले कोपऱ्यात घेऊन म्हणे, "वांगे चिरले का मिठाच्या पाण्यात टाकत जाय, काळे पडत नाही." त्या घरी त्या दिवशी चूल पेटणार नव्हती. पण सून रडणं थांबवून विचारते, "मीठ किती टाकू, मावशी?"

घरात तिचा एक कायदा होता. कोणतीच वस्तू 'संपली' म्हणाची नाही, बरकत जाते. 'वाढली' म्हणाचं. लग्न नवं होतं तवाची गोष्ट. मी पुसदच्या बाजाराले निघालो, तं ही दारातून म्हणे, "मीठ वाढलं." मले वाटलं, बक्कळ आहे. नाही आणलं. पुढच्या बाजारापर्यंत तिनं मले अळणी वरण खाऊ घातलं, अन् वरून रोज विचारे, "कसं झालं?"

तेरवी झाली. माहा पोरगा रमेश पुसदले राह्यते. त्याचा फोन आला, "बाबा, तुमाले चहा करता येत नाही. रविवारी गाडी घेऊन येतो. घराले कुलूप लावा." मले काही जायाचं नव्हतं. पण गावातून येणारे डबेही कमी होत चालले होते.

अन् ही हमीदा. तिची अन् आमची भिंत एक. तिच्या घरून एक वाटी आली नाही. उलटी भिंतीवरून ओरडे, "भाईसाब, मूग भिजू घाला, जल्दी शिजते." माहं डोकं सणके. एक दिवस म्हणलं, "लाज आहे का तुले? माणूस उपाशी, अन् तू अक्कल वाटून राह्यली."

"आपानंच सांगलं होतं," हमीदा म्हणाली. सुभद्राले ती आपा म्हणे. "म्हणे, मी गावाले गेली तं याइले डब्बा देऊ नोको. आयतं भेटलं तं हे चूल पेटवणार नाही, मंग पोराच्या दारात पडून राह्यतीन. भिंतीवरून सांगत जाय फक्त."

"कोणत्या गावाले जाणार होती?"

"ते नाही बोलली. छातीवर हात ठेवून म्हणे, माहे दिवस वाढले, हमीदा. मी म्हणलं, माशाल्ला, अच्छी बात है."

हिले समजलंच नव्हतं. मंग 'वाढले' म्हणजे काय ते सांगलं. हमीदा ओढणी तोंडाले लावून भिंतीपलीकडे खाली बसली. मले दिसेना, फक्त आयकू ये.

वांग्याच्या पाण्याचं सुभद्रानं साऱ्या तालुक्याले सांगलं. छातीचं दुखणं मले नाही सांगलं. मी काय बसमधल्या बाईपेक्षाही परका होतो? दवाखान्यात खांद्यावर घेऊन गेलो असतो. 'मी गेल्यावर हा बुढा काय खाईन', याचा विचार कराले तिले वेळ होता. आपल्या जिवाचा करता नाही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रमेशले फोन लावला. "गाडी आणू नोको," एवढं बोलून ठेवून देल्ला. तुरीची डाळ धुतली, कुकरात टाकली, गॅस पेटवला. पुढचं मले माहीत नव्हतं.

भिंतीपाशी जाऊन हाक मारली, "हमीदा, शिट्ट्या किती?"

"चार," तिकडून आवाज आला. घसा बसला होता तिचा. "पाणी टाकलं का भाईसाब?"

मी गॅसकडे पळालो.