गोधडी सोसेल असं गाव

दिवसा झोपणाऱ्या माणसाने राहण्यासाठी गाव निवडताना दोन बाबी तपासाव्या लागतात. एक आवाज आणि दुसरी हवा. आवाजाचे कारण कोणीही सांगेल. हवेचे कारण जरा खोलात आहे. दिवसा डोळ्यांवर उजेड येतो, उजेड टाळायला डोक्यावरून गोधडी घ्यावी लागते, आणि भर दुपारी डोक्यावरून गोधडी घेतल्यावर माणूस उकडून निघणार नाही असे गाव आपल्या ठाणे जिल्ह्यात सापडणे सोपे नाही. म्हणूनच ते शोधायचे काम माझ्याकडे आले.

मी धर्मराज. त्या काळी ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होतो. गाव शोधायचे होते माझ्या दाजींसाठी, म्हणजे कुंदाताईच्या यजमानांसाठी. सुदाम त्यांचे नाव. शहाडच्या एका गिरणीत कायमचे रात्रपाळीला. सकाळी घरी येऊन भाकरी खाऊन आडवे होत आणि त्याच सुमारास खाली टेकचंद सेठचा पत्रा दाबायचा प्रेस सुरू होई. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये दाजींची माडीवरची खोली होती आणि बरोबर तिच्याखाली पावडरच्या डब्यांची झाकणे तयार होत. प्रेस खाली आपटला की माडीवर फळीवरची भांडी पुढे सरकत. संध्याकाळी कुंदाताई ती मागे ढकलून ठेवी. लग्न झाल्यापासून ती हे करत होती आणि आता त्यात तिला काही वावगेही वाटत नसे.

अठ्ठ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात दाजी गिरणीत यंत्राशेजारी उभ्याउभ्या झोपले. फोरमन शंकर साहेबांनी त्यांना हलवून जागे केले आणि बजावले, "सुदाम, पुन्हा डोळा लागलेला दिसला तर कायमचं घरी बसायचं." घरी बसूनही झोप मिळणार नव्हती, हा मुद्दा साहेबांच्या लक्षात आला नाही.

मी दाजींना घेऊन टेकचंद सेठकडे गेलो. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि सगळे शांतपणे ऐकून घेतले, म्हणजे प्रेसच्या आवाजात जितके ऐकता येते तितके.

"साईं, मैं क्या करू?" ते म्हणाले. "मशीन बंद केला तर माझा झोप जाईल. कोणाचा तरी जाणारच ना?"

युक्तिवादात खोट काढता आली नाही, म्हणून मी गाव बदलण्याचा निर्णय घेतला आणि समिती नेमली. मी अध्यक्ष, कुंदाताई सदस्य, दाजी खास निमंत्रित. निमंत्रित असल्याने दाजींना मताचा अधिकार नव्हता. तसेही बैठकीत ते डुलक्या घेत.

स्थळपाहणी डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात ठेवली. किरकोळ रजा वर्ष संपताच बुडते, त्यामुळे सरकारी माणसाला कोणत्याही गावाची हवा डिसेंबरअखेरीसच कळते. आम्ही प्रथम अंबरनाथला उतरलो. स्टेशनाबाहेरच्या चहावाल्याला मी सरळ प्रश्न केला, "काय हो, इथे थंडी असते का?"

"असते ना. थंडीत असते."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात उकडतं. काय साहेब, सकाळी सकाळी?"

अंबरनाथच्या हवेत सातत्य नाही, असा शेरा मारून समितीने ते गाव बाद केले आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती बदलापूरला उतरली. पूर्वेला कात्रपच्या बाजूला तेव्हा शेतेच शेते होती. त्यावर धुके पसरले होते आणि धुक्यात एकच इमारत उभी होती. नाव 'हिमशिखर'. दारात शेकोटी पेटवून कानटोपी घातलेला एक माणूस बसला होता. तो बिल्डरचा माणूस, मधू. ही जमीन पूर्वी त्याच्याच बापाची होती.

"या साहेब," मधू म्हणाला. "स्वेटर नाही आणला?"

त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. कुंदाताईने माझ्याकडे पाहिले, मी दाजींकडे पाहिले. मग मधूने आम्हाला वर नेऊन छताकडे बोट केले. "पंख्याचा हूक बघा कुठं दिसतो का. नाय ठेवला. मालक बोलले, इथं पंखा लावणार कोण?"

समितीचा निर्णय त्या न ठेवलेल्या हुकानेच केला. आयुष्यात मी आश्वासने पुष्कळ ऐकली होती, पण स्लॅबमध्ये ओतून पक्के केलेले आश्वासन प्रथमच पाहत होतो. त्यानंतर मधूने आम्हाला शांतता ऐकवली. खरोखरच काही ऐकू येत नव्हते. इमारतीत अजून कोणीच राहायला आले नव्हते, ही बाब समितीने गौण मानली. मागे वळून पाहतो तो दाजी कोऱ्या भिंतीला टेकून झोपलेले. जागा पसंत पडल्याचे त्यांनी वेगळे सांगायची गरज उरली नाही.

विरोध एकाच व्यक्तीने केला. दाजींच्या आई, भिमाबाई. "जायचं तर चला, मी पण येते," त्या म्हणाल्या, "पण ह्या खोलीची किल्ली मी कोणाला देणार नाय. तिथं नाय जमलं तर पोराने निजायचं कुठं?" आणि त्यांनी किल्ली पदराच्या टोकाला बांधून टाकली. भिमाबाई समितीच्या सदस्य नसल्याने मी त्याकडे लक्ष दिले नाही.

जानेवारीत बिऱ्हाड हलले. दाजी पहिल्या दिवशी सकाळी झोपले ते दिवेलागणीला उठले. कुंदाताईचा आनंद मी कधी विसरणार नाही. मला बाजूला घेऊन डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "धर्मा, आज हे घोरले रे! किती वर्षांनी घोरले!" मलाही भरून आले. मग ती कॅम्प दोनच्या बाजारात जाऊन ओळखीच्या बायकांना सांगू लागली, "आमच्याकडे दोन-दोन गोधड्या लागतात बाई." मी कचेरीत सांगितले, दाजींनी गिरणीत सांगितले. माणसे येऊ लागली, घरे जाऊ लागली. मीही तिथेच घर घेतले आणि अनुभवाच्या जोरावर सोसायटीचा सेक्रेटरी झालो.

मार्चमध्ये हवेने समितीला विश्वासात न घेता दिशा बदलली. एप्रिलमध्ये तर भिंतीला हात लावला की मागे घ्यावा लागे. मी मधूला जाब विचारला.

"साहेब, उन्हाला हाय तो," मधू म्हणाला. माझ्यापुढे आता तो घरच्या बोलीवर आला होता. "आमी त उन्हाल्यान आंब्याखाली निजतू."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं कवा?"

हे खरे होते. पाहणीचा महिना डिसेंबर असल्याने उन्हाळा समितीच्या कक्षेबाहेर राहिला होता.

दाजी गोधडी घेत तर घामाने भिजत, काढत तर उजेडाने जागे होत. त्यांनी माझ्याकडे पंख्याची परवानगी मागितली. पण आता प्रश्न एकट्या दाजींचा राहिला नव्हता. शेजारी 'हिमशिखर दोन' आणि 'तीन' उभ्या राहत होत्या आणि आमच्यातल्या बहुतेकांनी कोणा ना कोणा नातेवाइकाला तिथे घर घ्यायला लावले होते. आता पंखा फिरताना दिसला असता तर आपण फसलो आणि इतरांनाही फसवले, हे दोन्ही एकदम उघड झाले असते. पंखा मग छताचा असो की टेबलावरचा. दाजींनी खिडकीला काळा कागद चिकटवू का विचारले, तेही नाकारावे लागले. इथे ऊन लागते, असा त्याचा बाहेरून अर्थ झाला असता.

सर्वसाधारण सभेत ठराव एकमताने संमत झाला. रविवारी गिऱ्हाईक घरे पाहायला येते त्या वेळात सभासदांनी गॅलरीत लोकरी कपड्यांत वावरावे. घाम पुसणे आवश्यक झाल्यास आत जाऊन पुसावा. पहिल्याच रविवारी भिमाबाई गॅलरीतून ओरडल्या, "उकडून मेले रे! कोणी तरी पंखा लावा!" पुढच्या रविवारपासून त्यांना कॅम्प दोनला पाठवण्याचा पूरक ठराव झाला. त्या आनंदाने गेल्या. किल्ली पदराला होतीच.

मे महिन्यात एकदा मधू गिऱ्हाईक घेऊन चुकून दाजींच्या घरात शिरला. दाजी गोधडीत होते. मधू दारातच थबकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बघा. मे महिना, भर दुपार, आणि माणूस गोधडीत." त्या कुटुंबाने तिथेच घर पक्के केले.

तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाईक प्रथम दाजींना पाहायला येऊ लागले. पलंगाभोवती उभे राहून सगळे कुजबुजत. एखादी बाई पोराच्या पाठीत धपाटा घालून म्हणे, "शूः! किती शांत आहे बघ इथे!" आधी हे फक्त रविवारी चाले. मग मागणी वाढली आणि रोज चालू झाले. शांतता पाहायला इतकी माणसे येत की दाजींचा डोळा लागत नसे, पण सभेच्या नव्या ठरावानुसार त्यांना हलता येत नव्हते.

एके दिवशी फोरमन शंकर साहेब आले, गिऱ्हाईक म्हणून. "अरे, हा आपला सुदाम! काय मस्त झोपलाय!" गोधडीखाली दाजींनी आवाज ओळखला. ते उठून बसणार, एवढ्यात मी गोधडीवर हात दाबून ठेवला. साहेबांनी तिसऱ्या मजल्यावर घर घेतले आणि रात्री गिरणीत दाजींना सुनावले, "घरी तर दिवसभर ताणून देतोस, मी डोळ्यांनी बघितलं. तरी इथे पेंगतोस? ही शेवटची समज. परत दिसलास की घरी."

दाजी सकाळी माझ्या दारात उभे राहिले. डोळे लाल झालेले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

"धर्मराज, मला थंडी नको, गाव नको. मला नुसतं झोपायचंय रे. नोकरी गेली तर घरच्यांना खायला काय घालू? कुठून तरी झोप आण!"

मी त्यांना लेखी अर्ज द्यायला सांगितले.

अर्ज विचाराधीन असतानाच टेकचंद सेठ आले. "साईं, प्रेसच्या आवाजाने डोकं फुटतं. डॉक्टर बोलला, थंड शांत जागा बघ." त्यांनी दाजींना झोपलेले पाहिले, समाधानाने मान हलवली आणि घर घेतले. मग रोज कॅम्पात कशाला जायचे, म्हणून त्यांनी तळमजल्यावरचा गाळाही घेतला आणि प्रेस तिथे आणून बसवला. तो बरोबर दाजींच्या घराखाली आला. पहिले झाकण दाबले गेले तशी फळीवरची भांडी पुढे सरकली. कुंदाताईने वर न बघता हात लांबवून ती मागे ढकलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी गिरणीतून घरी आलेच नाहीत. कुंदाताई घाबरली. नाही नाही ते तिच्या मनात आले. मी तिला घेऊन गिरणीत गेलो, तिथून कॅम्प दोनला. खालच्या गाळ्याला कुलूप होते. माडीच्या दारात भिमाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघताच त्यांनी तोंडावर बोट ठेवले.

आत जुना पंखा घरघरत होता आणि त्याच्याखाली डोक्यावरून गोधडी घेऊन दाजी घोरत होते. कुंदाताई भिंतीला टेकून बसली आणि रडू लागली. रडता रडता तिचाही डोळा लागला. मी समितीच्या वतीने दोन शब्द बोलणार होतो.

"बस खाली," भिमाबाई हळूच म्हणाल्या. "आणि काय बोलू नको. साहेब झालास ना, तू लई बोललास."

दाजींचे बिऱ्हाड कॅम्प दोनला परतले ते कायमचे. त्यांना पुन्हा समज मिळाली नाही. त्यांचा प्रश्न सुटला, आमचा मात्र निर्माण झाला, कारण 'हिमशिखर तीन' अजून अर्धी रिकामी होती. त्याच संध्याकाळी सभा घेऊन आम्ही दाजींच्या पलंगावर उशा लावल्या, डोक्याच्या जागी एक टोप पालथा ठेवला आणि वरून गोधडी घातली. ही व्यवस्था मूळच्या दाजींपेक्षा सरस ठरली, कारण टोपाला घाम येत नाही. गिऱ्हाईक येते त्या वेळेत टेकचंद सेठ स्वतःहून प्रेस बंद ठेवतात. 'तीन'मध्ये त्यांच्या भावांची घरे आहेत.

आपणही येत्या रविवारी जागा पाहायला येत असल्याचे मधूकडून कळले. अवश्य या. झोपलेला माणूस तुम्हाला दाखवला जाईल. गोधडीला हात लावू नये, अशी पाटी आम्ही तिथे लावलेली नाही, कारण तशी गरजच पडली नाही. आजवर आलेल्या एकानेही ती उचलून पाहिली नाही. उलट जिना उतरताना प्रत्येकजण मधूला काळजीने एकच विचारतो, "आमच्या घराच्या छताला हूक ठेवला नाहीत ना?"