थँकफुलबाईंचा दुसरा तास

शनिवारी संध्याकाळी सहा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी सुवार्ता उजगरेची अकरा महिन्यांची मुलगी खदखदून हसली, आणि तिच्या एका खापरपणजीने तीनशे त्र्याहत्तर वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेली शिक्षा तिच्या नावावर चढली.

सोमवारी कोतवाल नोटीस घेऊन दारात आला. "वारसाची आहे," तो म्हणाला. "जमीन निघाली असंल. पेढे ठेवा."

जमीन नव्हती. नोटिशीत लिहिलं होतं, की थँकफुल, नवरा नथॅनिएल पेल, राहणार मौजे विलोफर्ड, मॅसॅच्युसेट्स वसाहत, ही बाई सन १६५२ मध्ये एका शनिवारी सूर्य मावळल्यावर अंगणात मोठ्याने हसली. त्या गावात रविवार शनिवारच्या सूर्यास्तालाच लागत असे, आणि रविवारी हसायला बंदी होती. सबब तिला चर्चमध्ये सर्वांसमोर दोन तास स्टुलावर उभं राहण्याची शिक्षा झाली. एक तास होताच ती स्टुलावरून उतरली. उरलेला तास वारस कुमारी यमिमा उजगरे हिने पहिल्या वाढदिवसाच्या आत उभं राहून भरावा. न भरल्यास शनिवार मावळल्यापासून रविवार मावळेपर्यंत हसण्याची बंदी तिला जन्मभर लागू राहील.

वाढदिवसाला सव्वीस दिवस उरले होते. आणि यमी अजून पडवीचा खांब धरूनसुद्धा उभी राहत नव्हती.

आपल्या वंशात ही परदेशातली बाई कुठून आली, हे घरात कुणी विचारलं नाही. सासूबाईंनी चष्मा पुसून नोटीस दोनदा वाचली. "उजगऱ्यांत एवढं मोठ्यानं कुणी हसत नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या माहेरची असंल."

"नाव तर आपल्यातलंच आहे आत्या. थँकफुल म्हणजे आपल्या उपकारबाई."

"उपकारबाई माझी चुलती होती. ती रविवारी डोकंसुद्धा खाजवत नव्हती."

पुढचा शनिवार आला. दिवस मावळला तशी घरातली माणसं, पोराच्या नावावर आणखी काही चढू नये म्हणून, तोंडं लांब करून बसली. यमीला शिंकेचं फार हसू. कुणी शिंकलं की ती हातपाय झाडून हसायची. म्हणून सासूबाईंनी फोडणी द्यायची नाही असं ठरवलं, आणि सगळ्यांनी दूध-भाकरी खाल्ली. शेजारची अलका पाळण्यावर वाकून "भोऽक" करणार, तेवढ्यात सुवार्ताने तिच्या तोंडावर हातच ठेवला. पोर एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिलं. कुणी हसेना म्हणून तिनेही ओठ मिटले. ते मिटलेले ओठ पाहिले आणि सुवार्ताला वाटलं, आता गप्प बसून चालायचं नाही.

मंगळवारी ती यमीला कडेवर घेऊन वारस नोंदीच्या कचेरीत गेली. शिरसाठ भाऊसाहेबांनी नोटीस उलटसुलट पाहिली.

"मुलगी उभी राहते?"

"नाही अजून."

"मग अडचण आहे," ते म्हणाले, आणि कागदाच्या कडेला 'अडचण आहे' असं लिहिलं.

"तारीख वाढवून द्या ना, भाऊसाहेब."

"त्याला मयताची संमती लागते."

"ती कशी आणायची?"

"म्हणून तर कुणी आणत नाही." त्यांनी टोपण लावलं. मग यमीकडे पाहून आवाज जरा खाली आणला. "असं करा, ती बाई पुढं कशी जगली ते शोधा. एखाद्या वेळेस माणूस शिक्षा भोगतो आणि नोंद राहून जाते."

दप्तराची खोली मागे होती. तिथल्या काळेबाईंनी लाल फडक्यातलं एक गाठोडं काढून दिलं. सुवार्ता सातवी शिकलेली. इंग्रजी कसं वाचायचं म्हणून तिला घाम फुटला होता, पण आत सगळं मराठीच होतं. दप्तर वारसाच्या भाषेत उतरवून ठेवायचा नियम आहे, असं काळेबाई म्हणाल्या.

मग तीन दिवस सुवार्ता मांडीवर पोर आणि पुढ्यात दप्तर घेऊन वाचत बसली. थँकफुल आठ वर्षांची असताना जहाजातून आली. पहिल्याच हिवाळ्यात आई गेली. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. अकरा लेकरं झाली, चार मातीत ठेवली. तिला लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी ती एक फुली काढायची. हसण्याचं कारणही नोंदलेलं होतं: 'डुक्कर नवऱ्याचा बूट तोंडात धरून पळाले व नवरा एका पायावर त्यामागे पळाला.' सुवार्ताने पदर तोंडात कोंबला. मग तिच्या ध्यानात आलं की आज बुधवार आहे, आणि ती मनमोकळं हसली.

पण पुढची पानं तशी नव्हती. दर रविवारी हजेरी होती, आणि थँकफुलच्या नावापुढे दर वेळी एकच ओळ: 'शेवटचे बाक. शिक्षा अपुरी.' आठवडे गेले, वर्षं गेली. एकेचाळीस वर्षं तीच ओळ. सगळ्यात शेवटी: 'मयत. शिक्षा अपुरी.'

एक पोर सोडलं तर त्या खोलीत तिला जवळचं कुणी वाटलं असेल, तर ती शेवटच्या बाकावरची बाई.

गुरुवारी दुपारी तिला शिक्षेच्या दिवसाचं पान सापडलं. 'वाळूचे घड्याळ एकदा रिकामे झाले. बाईचे तान्हे मूल रडू लागले. बाई उतरली व मूल घेऊन मागे गेली. घड्याळ दुसऱ्यांदा रिकामे झाले, तेव्हा मूल निजले.'

तिने ते तीनदा वाचलं आणि दप्तर उचलून थेट भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"बघा. उतरली असं लिहिलंय. बसली असं कुठं लिहिलंय?"

"मागं जाऊन बसलीच असणार."

"रडतं पोर घेऊन?"

"का? बसता येत नाही?"

सुवार्ता त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला लेकरं किती, भाऊसाहेब?"

"तीन."

"आणि सांभाळली कुणी?"

काळेबाई दारात उभ्या होत्या, त्या खोकल्या. भाऊसाहेबांनी दप्तर मिटलं. "शासकीय कामात अंदाज चालत नाही. पंचनामा करावा लागेल."

शुक्रवारी दुपारी पंचनामा झाला. पंच म्हणून काळेबाई आणि कोतवाल. यमी झोपेला आली होती, डोळे चोळत होती. तीन वाजून दहा मिनिटांनी भाऊसाहेबांनी तिला मांडीवर घेऊन खुर्चीत बैठक मारली. यमीने टाहो फोडला. तीन बारा, भाऊसाहेब उभे राहिले. रडं थांबलं. तीन पंधरा, भाऊसाहेब पुन्हा बसू लागले, पण खुर्चीला टेकायच्या आधीच पोराने सूर लावला, तसे ते वाकले तिथूनच सरळ झाले.

"तिला कसं कळतं?" त्यांनी विचारलं.

"कळतं," सुवार्ता म्हणाली. "नुसतं उभं राहू नका, जरा हला."

भाऊसाहेब हलू लागले. हलत हलत त्यांनी दोन सह्या केल्या. साडेतीनला त्यांची कंबर धरली. पावणेचारला ते म्हणाले, "पण आदेशात 'सर्वांसमोर' असं आहे. बाई तर मागं होती."

"रडतं पोर असलं की सगळं चर्च मागंच वळून बघतं, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी मान वर केली. सगळी कचेरी त्यांच्याकडे बघत होती. खिडकीतून चहावालाही बघत होता. चार वाजून दहा मिनिटांनी यमीची मान त्यांच्या खांद्यावर कलंडली. बरोबर एक तास झाला होता.

त्यांनी पोर हळूच आईकडे दिलं, उभ्याउभ्याच दप्तर उघडलं आणि शेवटच्या ओळीखाली तांबड्या शाईने लिहिलं: 'रडते मूल घेऊन बसता येत नाही, हे पंचांसमक्ष सिद्ध. बाई दुसरा तास उभीच होती. शिक्षा पूर्ण. वारसाकडे काही बाकी नाही.' शिक्का मारला तो अगदी हळू, पोर उठू नये म्हणून.

"थँकफुलबाईंना कळवाल ना?" सुवार्ताने विचारलं.

"मयताला कळवण्याची तरतूद नाही," ते म्हणाले, आणि मग खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दिवस मावळला तशा सासूबाईंनी तेल तापवलं, मुद्दाम चार मिरच्या जास्त टाकल्या आणि जोरात शिंकल्या. यमी इतकी हसली, की तिला उचकी लागली. सुवार्ताने सवयीने घड्याळाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाठ केली. सोमवारी कोतवाल सायकलवरून दारासमोरून गेला. तो थांबला नाही.

यमी आता खांब धरून उभी राहते. तिला वाटलं तर राहते, नाहीतर बसते.

एक काम तेवढं राहिलं आहे. कुणाचा भाऊ, कुणाचा जावई तिकडे मॅसॅच्युसेट्सला नोकरीला असेल, तर त्याच्या कानावर एवढं घाला. विलोफर्डच्या दफनभूमीत शेवटच्या रांगेत एक दगड आहे. त्याच्यापाशी जायचं आणि सांगायचं, थँकफुलबाई, तुमचा दुसरा तास भरला. आता खाली बसा.