मास्तरांच्या साबणाचा फेस

मेणबत्ती घट्ट होईना. सकाळी वितळवून काचेच्या पेल्यांत ओतलेलं मेण दुपार कलली तरी लोण्यासारखं मऊच होतं. मास्तरांनी बोट लावून पाहिलं, तर ते सरळ वातीपर्यंत आत गेलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बोटाला खोबरेल तेलाचा वास येत होता.

मास्तर म्हणजे रसायनाचे मास्तर. साबण कसा तयार होतो याचं समीकरण त्यांनी उभ्या हयातीत इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं होतं, की झोपेतही हात तसा फिरायचा. प्रत्यक्ष साबण मात्र त्यांनी निवृत्त झाल्यावर केला. स्वयंपाकघरालगतची अडगळीची खोली रिकामी करून त्यांनी तिथे वजनकाटा, साचे, तेलाचे डबे असा संसार थाटला. साबणामागोमाग मेणबत्त्याही आल्या. पहिल्या खेपेच्या गुलाबी वड्या त्यांनी कागदात गुंडाळून, दोरा बांधून इमारतीत वाटल्या, आणि घरोघरी असं कौतुक झालं की येत्या रविवारी खालच्या सभागृहात ‘घरच्या घरी साबण’ असा वर्गच ठरला.

आता त्यांना ती पहिली खेप आठवली. तेव्हाही आज सकाळसारखीच कडाक्याची थंडी होती. फडताळात दोन बरण्या शेजारी शेजारी होत्या. एकीत मेणबत्त्यांसाठी आधीच आणून ठेवलेलं मेण, दुसरीत थिजलेलं खोबरेल. दोन्ही पांढरं, दोन्ही घट्ट, आणि चिठ्ठी एकीलाही नाही. आज मेणबत्तीत खोबरेल गेलं असेल, तर त्या दिवशी साबणात काय गेलं होतं, हे कळायला रसायनाच्या मास्तरांची गरज नव्हती.

मेणाचा आणि कॉस्टिक सोड्याचा साबण होत नाही. तेल सोड्याला पोटात घेतं, मेण नुसतं पाहुण्यासारखं बसून राहतं. म्हणजे तेवढा सोडा त्या सुवासिक वड्यांमध्ये तसाच जागा होता.

त्यांच्याकडे एक वडी शिल्लक होती. त्यांनी ती ओली केली आणि जिभेचं टोक अलगद लावलं. पुढच्या क्षणी ते मोरीत वाकून चुळा भरत होते.

“काय झालं?” आतून मास्तरीणबाईंनी विचारलं.

“काही नाही. ठसका लागला.”

सांगण्यासारखं नव्हतंच ते. शिवाय तेवढ्यात त्यांना चिटणीसबाईंची नात आठवली होती. इमारतीच्या चिटणीसबाई वरच्या मजल्यावर राहायच्या, त्यांची मुलगी बाळंतपणाला आलेली होती, आणि वडी घेताना बाई म्हणाल्या होत्या, “बाळाला बाजारचा साबण नकोच वाटतो हो मास्तर. आता तुमचाच लावणार.” त्या वेळी मास्तरांची छाती फुगली होती. आता त्याच छातीत धडधड सुरू झाली.

“कुठे निघालात? आणि चपला उलट्यासुलट्या घातल्यात.”

“असू देत,” म्हणत ते जिना चढू लागले.

चिटणीसबाईंचं दार उघडलं आणि आतून बाळाच्या रडण्याचा आवाज बाहेर आला. नुसतं रडणं नव्हतं, जीव खाऊन रडणं होतं.

“का रडतंय?” मास्तरांनी दारातच विचारलं.

“आंघोळ चाललीय. रोजचंच आहे. या ना, बसा.”

“कुठल्या साबणानं?”

“इश्श, विचारता काय? तुमच्याच.”

त्यानंतर मास्तरांनी जे केलं ते त्यांच्या आयुष्यात त्यांनी कधी केलं नव्हतं. यजमानीणबाईंना बाजूला सारून ते परक्याच्या घरात घुसले, आवाजाच्या रोखानं थेट न्हाणीघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि वर्गावर ओरडावं तसे ओरडले, “हात थांबव. नुसतं पाणी ओत.”

बाळाला पायांवर घेऊन बसलेली मुलगी दचकून पाहतच राहिली. बाळही रडायचं थांबलं. मुलीच्या हातात दुकानातली पिवळ्या रंगाची, बदकाचं चित्र असलेली बाटली होती.

नळ तेवढा ठिबकत होता.

“तुमचा संपला, मास्तर,” चिटणीसबाई मागून म्हणाल्या. “कालच संपला.”

“इतक्यात?”

“फेसच एवढा यायचा. टबाबाहेर जायचा अगदी.”

मास्तरांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. निम्मं मेण भरलेल्या वडीतून टबाबाहेर जाईल एवढा फेस काढणं जादूगारालाही जमलं नसतं. पण जीव अजून टांगणीला होता. बाई कौतुक म्हणून खोटं बोलत असतील, तर ठीक. पण एकदा जरी ती वडी बाळाला लागली असेल, तर?

“बाई, अगदी खरं सांगा. बाळाला लावलात का?”

“म्हणजे काय? मी खोटं बोलते का?” बाईंचा आवाज चढला.

मास्तरांनी घाईघाईनं थाप मारली. “तसं नाही. नवीन वास घातलाय मी. जुन्या वड्या बदलून देतोय. तुकडा जरी उरला असेल तरी चालेल.”

“बदलून देताय?” न्हाणीघरातून मुलगी म्हणाली. “आई, मग टेलरकाकांकडून परत आण ना. आल्या दिवशीच तर दिलास त्यांना. अजून दोरासुद्धा सुटला नसेल.”

चिटणीसबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. मास्तरांना त्या मुलीच्या पाया पडावंसं वाटलं. पण पायांवर बाळ होतं, आणि टेलरचं दुकान तळमजल्यावर होतं.

टेलर निळ्या कापडाच्या ताग्यावर ओणवा होऊन रेघा मारत होता. पट्टी सरकवायचा, रेघ मारायचा. चिमटीत कापडाच्या चिंधीत धरलेला गुलाबी तुकडा होता.

“या मास्तर. काय साबण बनवलात तुम्ही. रोज लावतो अंगाला. फेस तर असा येतो की विचारू नका.”

बोलता बोलता त्याचं लक्ष हातातल्या तुकड्याकडे गेलं. त्यानं तो मुठीत लपवला, मग लपवणं बरं दिसेना म्हणून मूठ उघडली.

“हा आपला उरलेला. फेकवेना म्हणून.”

“चिंधीत का धरलाय?”

“जरा चुरचुरतो बोटांना. पण रेघ काय बसते, मास्तर. खडू पुसून जातो, ही हलत नाही. मेणासारखी बसते.”

“बसणारच,” मास्तर म्हणाले. त्यांनी त्याची बोटं उजेडात नेऊन उलटसुलट पाहिली, सुईच्या टोचण्यांपलीकडे काही नव्हतं. तुकडा आणि मागून घेतलेली चिटणीसबाईंची दोरा न सुटलेली वडी, दोन्ही त्याच्याकडच्याच एका पिशवीत टाकून ते पुन्हा जिन्याकडे वळले. कारण आता त्यांना दातांचे डॉक्टर आठवले होते.

डॉक्टरांचा दवाखाना सगळ्यात वर होता. त्यांना मास्तरांनी मुद्दाम दोन वड्या दिल्या होत्या, कारण सतत हात धुणारा माणूस. दवाखान्यात शिरताना साबणाला नाही, पण मास्तरांच्या तोंडाला मात्र फेस आला होता. खुर्चीत एक गाल सुजलेले गृहस्थ आ वासून पडले होते.

“डॉक्टर, माझा साबण वापरताय?”

“म्हणजे? दिवसातून वीसवीसदा हात धुतो मी त्यानं.”

मास्तरांनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. हात मऊ, स्वच्छ, बाळासारखे होते. कुठे लाली नाही, भेग नाही.

“बघितलंत? तुमची कृपा,” डॉक्टर म्हणाले. “आता सोडता का? यांची दाढ वाट बघतेय.”

हात सुटताच त्यांनी टेबलाचा खण ओढला. हा खण इमारतीत प्रसिद्ध होता. तो उघडताना डॉक्टर भिंतीला पाय लावायचे. आज तो लोण्यातून सुरी फिरावी तसा सुळकन बाहेर आला, आणि त्यात चिमट्यांच्या शेजारी गुलाबी वडी पडलेली होती. तिच्या कडेला लाकडावर घासून घासून खोबण पडली होती.

डॉक्टरांनी खण मिटायचा प्रयत्न केला. तो आता इतका गुळगुळीत झाला होता, की मिटून पुन्हा उघडला.

“ही आणि दुसरी, दोन्ही मी घेऊन जातो,” मास्तर म्हणाले. “बदलून देईन.”

गाल सुजलेल्या गृहस्थांनी आ वासलेल्या तोंडानंच मान हलवली.

मग मास्तर दारोदार फिरले. एकीकडे वडी चपलांच्या कपाटात वास मारायला ठेवलेली सापडली. एकीकडे डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली. गाण्याच्या बाईंकडे तर चार वड्या निघाल्या. एक मास्तरांनी दिलेली, बाकीच्या, इमारतीतल्या तिघींनी वेगवेगळ्या दिवशी आठवणीनं आणून दिलेल्या. आणि प्रत्येक दारात, पिशवीत वडी टाकण्याआधी, मास्तरांना फेसाचं वर्णन ऐकावं लागलं. टेलरची बोटं सोडली तर साऱ्या इमारतीत कुणाच्या अंगाला त्या साबणाचा स्पर्शही झाला नव्हता. जीव भांड्यात पडला खरा, पण त्या भांड्यात फार बरंही वाटेना. लोकांचं कातडं वाचलं म्हणून आनंद मानावा की आपलं सोललं गेलं म्हणून दुःख, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

घरी येऊन त्यांनी पिशवी रिकामी केली आणि हिशेब लावला. एक वडी कमी होती. आठवून पाहिलं, तर ती त्यांनी बायकोला दिली होती. पण तिची काळजी नव्हती. “मला नको तुमचा तो दगड,” असं तिनं वडी न उघडताच सांगितलं होतं. पडली असेल कुठेतरी, म्हणून मास्तर न्हाणीघरात डोकावले.

तिच्या साबणदाणीत वडी होती. निम्म्याहून अधिक झिजलेली होती.

मास्तर स्वयंपाकघरात गेले. मास्तरीणबाई रबरी मोजे घालून भांडी घासत होत्या. गेले काही दिवस त्या मोजे घालत होत्या. पाणी फार गार आहे म्हणायच्या, आणि मास्तरांनी ते मान्य केलं होतं.

“मोजे काढ.”

“का? हातातलं होऊ दे आधी.”

“अगं, काढ म्हणतो ना.”

त्यांनी काढले. बोटांचे सांधे लाल झाले होते, अंगठ्याशी कातडी फुटली होती. मास्तर खाली बसले.

“कधीपासून लावतेयस?”

“दिलात त्या दिवसापासून.”

“पण तू तर दगड म्हणालीस.”

“दगडच आहे तो. घासून घासून हात दुखतात, फेसाचा पत्ता नाही.” एवढ्या दारांत हिंडून आल्यावर मास्तरांना हे पहिलं खरं वाक्य ऐकायला मिळालं.

“आग नाही झाली?”

“झाली की.”

“मग बोलायचं नाही?”

“काय बोलायचं? तुम्ही जेवताना रोज सांगायचात, बाजारचा साबण कातडीची वाट लावतो म्हणून. मला वाटलं, जन्मभर बाजारचा वापरून माझी आधीच वाट लागलीय. आता खरा साबण सोसत नाही.”

मास्तरांनी मलमाची नळी शोधून आणली. मास्तरीणबाईंचा एक हात मांडीवर घेऊन, एकेका बोटाला मलम लावत त्यांनी दोन्ही बरण्यांपासून डॉक्टरांच्या खणापर्यंत सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. बाळाचा भाग आला तेव्हा मास्तरीणबाईंनी डोळे मिटून घेतले, आणि खणाचा भाग आला तेव्हा त्यांना इतकं हसू आलं की मलम मास्तरांच्या बाहीला लागलं.

“आणि रविवारचं काय?”

“घेणार वर्ग. पण सुरुवात यापासून करणार. जे झालं ते जसंच्या तसं सांगेन, मग ज्यांना थांबायचं ते थांबतील.”

मास्तरीणबाई म्हणाल्या, “चिटणीसबाई भेटल्या होत्या सकाळी जिन्यात. मला विचारत होत्या, तुम्हीही मास्तरांचाच साबण वापरता का म्हणून.”

“मग? काय सांगितलंस?”

“म्हटलं, छे, मी नाही वापरत.”

“ते का?”

“त्या किती कौतुक करत होत्या, कातडी मऊ होते, फेस येतो, काय नि काय. त्यांच्यासमोर हे असले हात कसे दाखवणार? लाज वाटली मला. हात पदराखाली घेतले आणि खोटं बोलले.”

मास्तरांनी नळीचं झाकण पुन्हा उघडलं आणि दुसरा हात मागितला.