गरजू नसल्याचं पत्र

"मराठी मंडळाच्या यंदाच्या गुणवंत सत्काराला पहिलं नाव आमच्या वेदिकाचं. लिहून ठेवा!" असं दयानंद हुक्केरीनं कारखान्यात जाहीर केलं, आणि मालकासकट बावीस जणांना आमंत्रण देऊन टाकलं.

का नाही द्यायचं? निपाणीहून येऊन वीस वर्षं पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर लोखंड सोलणाऱ्या माणसाची पोरगी अमेरिकेला निघाली होती, तेही शंभरातल्या चौघांनाच आत घेणाऱ्या विद्यापीठात! वर्षाचा खर्च पंच्याहत्तर लाख. म्हणजे दयानंदाचा बारा वर्षांचा पगार, तोही न जेवता. आणि हा सगळा खर्च विद्यापीठच उचलणार होतं. दयानंदानं ही बातमी अख्ख्या यशवंतपुरात पोचवली. इडलीवाल्यानं तर कानडीत "सरी, सरी" (बरं, बरं) म्हणत जास्तीची चटणी वाढली.

मराठी मंडळाचे चिटणीस मकरंद पटवर्धन मात्र मूळचे पुण्याचे. त्यांनी चष्मा पुसला आणि विद्यापीठाचं पत्र दोनदा वाचलं.

"हुक्केरी, कन्येचं नाव गुणवंतांत बसत नाही. गरजूंत घालतो."

"आँ? स्कॉलरशिप हाय की ती, साहेब!"

"इथे स्पष्ट लिहिलंय. 'आम्ही गुणांवर पैसे देत नाही. ही मदत केवळ कुटुंबाची गरज पाहून दिली आहे.'"

"गुण नसते तर आत तरी घेतली असती काय तिला?"

"प्रवेश गुणांवर, पैसे गरजेवर. आपल्याकडेही तसंच आहे. गुणवंतांना सकाळी शाल, गरजूंना जेवणानंतर वाटप. पैसे गुणांवर दिले असं पत्र आणा, मी आनंदाने यादी बदलतो."

दयानंद धुमसत घरी आला. बायको भाकरी थापत होती.

"गरजू न्हाई तर काय आपण?" पवित्रा म्हणाली. "पैसे मिळाले न्हवं? आता गप बसा."

पण गप्प बसणं हे दयानंदाच्या रक्तातच नव्हतं. वेदिका मैत्रिणीकडे गेली होती आणि संगणकावर तिचा ईमेल उघडाच होता. त्यानं विचार केला. ज्याला गरज नाही त्याला पैसे दिले, तर ते गुणांवरच दिले असणार! एवढी साधी गोष्ट त्या विद्वानांच्या डोक्यात कशी आली नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

त्यानं विद्यापीठाला सविस्तर लिहिलं. यशवंतपुरात स्वतःचं घर. (दीड खोलीचं, हे लिहिलं नाही.) गावाकडे सहा एकर ऊस. (पाच भावांत, हेही नाही.) चारचाकीत नेहमी बसणं-उठणं. (मालकाच्या, धुवायला नेताना.) 'तरी पत्रातला गरज हा शब्द काढून गुण हा शब्द घालावा, ही नम्र विनंती.'

दोन दिवसांत उत्तर आलं. 'आपली परिस्थिती इतकी उत्तम असल्याचं वाचून आनंद झाला. मदत तूर्त थांबवली आहे. एखाद्या स्थानिक संस्थेनं वेगळी माहिती दिल्यास, दहा दिवसांत कळवावं.'

वेदिकानं ते वाचलं आणि भरत आणलेली बॅग रिकामी करायला घेतली. मध्येच एकदा बापाकडे बघितलं. आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. पोरीची चार वर्षांची मेहनत आपण एका दुपारी पाण्यात घातली, हे दयानंदाला तेव्हा कळलं.

तो तडक मकरंदरावांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, आम्ही गरजू हाय म्हणून लिहून द्या."

"मागच्या आठवड्यात तुम्हीच नाही म्हणालात."

"चुकलं माझं. पाया पडतो."

"नियमांत तशी तरतूद नाही. ज्यानं मंडळाकडून मदत घेतली, तोच मंडळाच्या दृष्टीनं गरजू. रविवारी वाटपाला या, सही करा, फोटो काढू. मग पत्र."

रविवारी जेवणं झाली आणि वाटप सुरू झालं. आमंत्रण कोण परत घेणार? मालकासकट बावीस जण पहिल्या रांगेत हजर होते. दयानंदाचं नाव पुकारलं गेलं. पोरीचा तो चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तो व्यासपीठावर चढला. सहा वह्या आणि एक छत्री छातीशी धरून त्यानं फोटो काढून घेतला. टाळ्या सगळ्यांत जोरात मालकांनी वाजवल्या.

आठवड्यानं ईमेल आला. 'पत्र आणि फोटो मिळाले. मदत पूर्ववत सुरू.' वेदिका आईच्या गळ्यात पडून रडली. पवित्रानं देवापुढे साखर ठेवली. दयानंदानं डोळे पुसले आणि खालचा परिच्छेद वाचायला घेतला.

'मात्र इतर संस्थेकडून मिळालेली मदत आमच्या रकमेतून वजा करावी लागते. सहा वह्या व एक छत्री, अकरा डॉलर वजा.'

"अकरा?" दयानंद ताडकन उठला. "काडी वाकडी हाय त्या छत्रीची! थांबा, लिहितोच त्यांना सविस्तर!"

बाह्या सरसावून तो संगणकापुढे बसला.

वेदिकानं पासवर्ड बदलला होता.