उच्छ्वास मंजुरीच्या प्रतीक्षेत

ताण कामामुळे येत नाही, ताणाचं नीट नियोजन नसल्यामुळे येतो, हे आता जाणत्या लोकांनी मान्य केलं आहे. (अजाण लोक अजूनही कामालाच दोष देतात.) नाशकात अंबडच्या बाजूला असलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीनेही ते मान्य केलं आणि कर्मचाऱ्यांचा ताण त्यांच्यावर न सोडता स्वतःच्या ताब्यात घेतला.

या कामी वेदिका मॅडम 'आनंदप्रमुख' म्हणून नेमल्या गेल्या. त्यांचं धोरण सरळ होतं. शुक्रवारी दुपारी तीनला सगळ्यांनी मोबाइलवरच्या 'निवांत' ॲपच्या हुकमाने एकत्र श्वास घ्यायचा, रोखायचा आणि सोडायचा. नोंद मनगटावरचा पट्टा घेणार. हुकमाआधी जो सोडेल त्याला विश्रांतीची गरज नाही असं समजून त्याची रजा आपोआप रद्द. ॲप बनवायचं काम प्रोग्रामर तनयला मिळालं, कारण ऑफिसात सर्वांत जास्त ताण त्यालाच होता, आणि घरचा अनुभवी माणूस असताना बाहेरून कशाला आणायचा?

तनयने जीव ओतून काम केलं. झोप सोडली, रविवारची मिसळसुद्धा सोडली. रजा रद्द करण्याची सोय तर इतकी चोख केली की मॅडमनी टाळ्या वाजवल्या. ॲप सुरू होण्याच्या पहिल्याच शुक्रवारी संध्याकाळी निफाडला आपला साखरपुडा आहे आणि आपण त्यासाठी साडेतीनपासून रजा टाकली आहे, हे टाळ्या थांबल्यावर त्याच्या लक्षात आलं.

तीन वाजले. 'श्वास घ्या,' निवांत म्हणालं. सगळ्यांनी घेतला. 'श्वास रोखा.' रोखला. मग सगळ्या मोबाइलांनी एकदमच सर्व्हरकडे पुढचा हुकूम मागितला. सर्व्हरला एवढा ताण सोसला नाही. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं.

कोणीही श्वास सोडला नाही. शिस्त वाखाणण्याजोगी होती. हिरव्या द्राक्षांच्या रंगाचे चेहरे हळूहळू काळ्या द्राक्षांवर गेले. सर्व्हर पुन्हा सुरू करायचा तर मॅडमना पासवर्ड विचारायला हवा होता, आणि मॅडमनी तर सर्वांत मोठा श्वास घेतला होता.

इतक्यात तनयचा फोन वाजला. होणारे सासरे, रंगनाथराव. तो न उचलण्याची सोय नव्हती.

"जावईबापू, निघाले का नाय? पाव्हणे आलेत, निकिता नटून बसलीय."

तनयने गाल फुगवून फोनसमोर नुसतीच मान डोलावली.

"हॅलो? अहो, मागच्या स्थळानंबी असंच फोनवर मौन धरलं, अन् मग नकार धाडला. तुमच्या मनात तसं काही असंल तर आत्ताच सांगा. पोरीला मी काय सांगू?"

तनयला निकिता मनापासून आवडत होती. बोललं तर रजा जाणार, न बोललं तर निकिता. त्याने डोळे मिटले.

"निघालो, मामा! निघालो!"

त्यासरशी अख्ख्या ऑफिसने श्वास सोडला. टेबलांवरचे कागद उडाले. माणसं रडली, हसली, एकमेकांच्या गळ्यात पडली. कंपनीत एवढा आनंद पूर्वी कधीच झाला नव्हता, असं मॅडमच्या अहवालात नमूद आहे. (तेव्हापासून दर शुक्रवारी सर्व्हर मुद्दाम बंद पाडतात.)

रजा अर्थात सगळ्यांच्याच रद्द व्हायच्या होत्या, पण तो हुकूमही त्याच सर्व्हरमधून जायचा असल्याने अडकून पडला. तनयने मोटारसायकल काढली आणि हुकमाआधी निफाड गाठलं. निकिताच्या बोटात अंगठी घालतानाच त्याचा खिसा थरथरला.

"कोणाचा मेसेज?" निकिताने हळूच विचारलं.

"ऑफिसचा. श्वास सोडा म्हणतायत."

"मग सोड ना!"

तनयने आज्ञाधारकपणे आणखी एकदा सोडला.

वाचकांना ही माणसं खुळी वाटतील. वाटू द्या. पण मघाशी 'श्वास रोखा' असं वाचल्यापासून तुमचंही स्वतःच्या श्वासाकडे लक्ष आहे, आत्ताही आहे. आणि तुम्हाला तर त्या कंपनीने कामावरही ठेवलेलं नाही.